दाराखालची पट्टी

"जोरात ढकल की गे," चांदसाब म्हणाला.

रुक्सानानं फियाटचं दार पुन्हा ढकललं. खाली बसलं, वर अडलं. मागचा कोपरा गाडीच्या खांबाला घासून करकरला. तिनं दार ओढून उघडलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघत होता.

"अजी, जोर लावून दारं बसली असती तर गॅरेजात पैलवान ठेवले असते. खरं सांगा. मी तुमच्या गोळ्या आणायला गेले, तवा दार लावून वेल्डिंग मारलं का काढून?"

"मधी येत हुतं. काढलं."

"आन् गाडी? ठोकळ्यावर हुती का जॅकवर?"

"जॅकवर."

"कुटं लावला हुता जॅक?"

"मधोमध," तो म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

तिला एवढं पुरेसं होतं. असल्या जुन्या गाडीला खाली वेगळा सांगाडा नसतो. पत्राच तिचा कणा. दाराखालची पट्टी गंजून गेली की गाडी पोटात लवते. म्हणून नवी पट्टी घालताना गाडी चाकांच्या जागी ठोकळ्यांवर टेकवायची, दार लावून ठेवायचं, आणि दाराला माप मानून वेल्डिंगचे टाके मारायचे. जॅकनं पोटातून उचललेल्या गाडीला पट्टी जोडली तर ती तशीच वाकडी आखडते. मग खाली उतरवल्यावर दार बसत नाही. हे सगळं तिला चांदसाबनंच शिकवलं होतं.

तो का चुकला तेही तिला कळत होतं. वेल्डिंगची बत्ती पुन्हा आपल्या हातात आली याच्या आनंदात त्यानं घाई केली होती. ती परत यायच्या आत काम उरकायचं होतं त्याला.

पुट्टी घासून आणि रंग फवारून चांदसाबची छाती कामातून गेली होती. दोन घाव घातले की धाप. तेव्हापासून पत्र्याचं काम रुक्सानाच करायची. पट्टीच्या आत रेड ऑक्साइड लावायला तर तिचाच हात लागायचा. त्याचा दंड त्या फटीत शिरत नसे. आतला तो रंग कुणाला दिसत नाही, पण गाडी त्याच्यावरच टिकते. आणि तरी गिऱ्हाइकाची चाहूल लागली की तिनं हातातला हातोडा नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि चहाच्या स्टोव्हकडं वळायचं, असा त्या घराचा रिवाज होता. होटगी रस्त्यावरच्या त्या पाटीवर एकट्या चांदसाबचं नाव. बाईचं नाव लिहायला रंग कमी पडत नाही, छाती कमी पडते. गल्लीतल्या सगळ्यांना खरं ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. न बोलण्याला आपल्याकडं अब्रू म्हणतात.

आज मात्र चाहूल लागलीच नाही. रुक्साना गाडीखाली आडवी पडून पट्टीचा सांधा बघत होती, आणि तिच्या डोक्याशी पॉलिश केलेले बूट येऊन थांबले.

"मामू, हे काय चाललंय?"

दुधनीचा शिवानंद. आडत दुकानवाला. फियाट त्याच्या वडिलांची, वीरभद्रप्पांची. म्हातारा वारल्यावर पोराला गाडीची माया आली होती.

रुक्साना बाहेर आली. अंगावर गंजाचा भुगा, हातात हातोडा. शिवानंदनं दार ढकलून पाहिलं. करकर झाली.

"असं हाय व्हय!" तो हसला. "आता कळलं दार का बसंना. मामू, लई भरवशानं गाडी दिलती तुमच्याकडं. अप्पांची गाडी हाय ती, भाकरीचा तवा न्हाई, कुणीबी थापायला. उद्या टोचन लावून टेंभुर्णीच्या गॅरेजात नेतो."

रुक्सानाचा हात हातोड्याच्या दांड्यावर घट्ट झाला. ती बोलली असती तर गॅरेजचा उस्ताद भर दुपारी नागडा झाला असता. नसती बोलली, तर उद्यापासून तिच्या हाताला कुणी गाडी दिली नसती. आणि चांदसाबच्या हाताला तर आता काहीच जमत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. तुम्ही काय करता ते बघते, एवढंच होतं.

चांदसाब भिंतीला धरून उठला.

"पट्टी मी मारली, शेठ."

"बायकोला वाचवू नका मामू."

"वाचवायला काय झालंय तिला? चूक माझी हाय." त्यानं दोन्ही हात पुढं केले. "बघा. ह्या हातानं मारली. तुमच्या मेव्हण्याच्या जीपवर हात फिरवून तुमी म्हणला हुता, मामू, हात हाय का जादू. तो हात हिचा. मी नुसता हातोडा धरून उभा हुतो, तुमाला दाखवायला."

शिवानंदनं परत दाराकडं पाहिलं. मग चांदसाबलाच विचारलं, "मग आता कसं?"

"मला काय इचारता? तिला इचारा."

हे शिवानंदला जड गेलं. घसा खाकरून म्हणाला, "भाभी... बसंल का दार?"

"पट्टी कापावी लागंल. आतला रंग जळलाय, तो परत मारावा लागंल. मग दार लावून टाके." ती थांबली. "बसंल."

"बघा मग," म्हणून शिवानंद गेला. तव्याबद्दल एक शब्द बोलला नाही. असल्या लोकांना गाडी ठेवून गेलो हीच माफी वाटते.

रुक्सानाला वाटलं होतं, असं कधी झालं तर आपण हलक्या होऊ. झाली नाही. गेल्या घटकाभरात नवरा म्हातारा झाल्यासारखा दिसत होता, आणि चूक कबूल करायला तिनंच त्याला नजरेनं उभं केलं होतं.

तिनं दार उतरवून ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, पट्टी सुटली. गाडी ठोकळ्यांवर टेकवली. फटीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं आतून लाल रंग फिरवला, तो वाळू दिला. मग पट्टी पकडीनं जागेवर धरून दार टांगायला घेतलं.

चांदसाब न सांगता दाराच्या दुसऱ्या टोकाशी आला. तिथं नेहमी शिकाऊ माणूस उभा राहतो.

"वर," ती म्हणाली.

त्यानं उचललं.

"जरा खाली. हां. धरा तसंच."

त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती बिजागरीचे स्क्रू आवळत राहिली. त्यानं दार खाली ठेवलं नाही.

"सोडू?" त्यानं विचारलं.

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला.