बाबाजींची बारी

मित्रांनो, मी पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातला पखवाज आहे. जुना आहे, पण अजून वाजतो. मला दोन तोंडं आहेत, तरी आजवर कुणाची चहाडी केलेली नाही. आज तोंड उघडतोय ते आभार मानायला.

माझं खोड शिसवीचं. कारागिराने ते आतून पोखरलं, दोन्ही बाजूंना कातडं चढवलं आणि चामड्याच्या पट्ट्यांनी, म्हणजे वाद्यांनी, करकचून आवळलं. उजव्या तोंडावर काळी शाई घोटली. डाव्या तोंडाला काही लावलं नाही, कारण तिथे दर वेळी ताजी कणीक लागते. कणकेशिवाय माझा खर्ज निघत नाही. उपाशीपोटी मी बोलत नाही म्हणा ना!

मला गावातल्या मारुतीच्या देवळात आणलं बाबाजींनी. बाबाजी मिठागरात काम करायचे. दिवसभर उन्हात मीठ ओढून आलेला हा माणूस देवळात बसला की असा गळा मोकळा सोडायचा, की पारावरच्या गप्पा आपोआप थांबायच्या. मला वाजवणारा पुंडलिकही मिठागरातलाच. त्याच्या हातांना भेगा पडलेल्या असायच्या, तरी माझी कणीक तो दुसऱ्या कुणाला मळू द्यायचा नाही. या दोघांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

आमच्याकडे चक्री भजन चालतं. गाणारे गोल बसतात. एकाचा अभंग संपला की तो शेजाऱ्याकडे हात करतो आणि बारी पुढे जाते. शेजारी गोड गळ्याचा असो की बेसूर, त्याची बारी कुणी खात नाही. तो गातो आणि बाकीचे त्याची ओळ झेलतात, म्हणजे त्याच्या मागून म्हणतात. काही जण इतके बेसूर गायचे की माझ्या वाद्या आपोआप सैल होतील असं वाटायचं, पण बारी ती बारी.

याच चक्रीत बाबाजींच्या डाव्या हाताला बसून गावातला एक पोरगा, जनू, गायला शिकला. पुढे तो डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागला, पण शिफ्ट संपली की आंघोळ करून थेट देवळात यायचा. त्याचा आवाज म्हणजे देणगीच होती.

तो कॅसेटचा जमाना होता, नव्वदच्या दशकाची सुरुवात. पेणमध्ये हरेश नावाचा एक ऑर्केस्ट्रावाला होता. त्याने आमच्या सप्ताहात जनूला ऐकलं आणि रोह्याला भजनाचा कार्यक्रम ठरवला. मांडव, माईक आणि चक्क तिकीट! लोक चांगले रंगले तर जनूची कॅसेट काढू, असंही म्हणाला. गावात कुजबुज झाली की देवळातलं भजन बाजारात निघालं. मी मात्र खूश होतो. हरेशने मला नवीन कातडं चढवून दिलं, वर मखमली गवसणी शिवून दिली. नव्या कपड्यांत कोण नाराज होईल?

पण मग हरेश जनूला म्हणाला, "त्या म्हाताऱ्या बाबाजींना नको घेऊस. आवाज कापतो त्यांचा. देवळात चालतं, माईकवर नाय चालत."

 जनूच्याने हरेशला नाही म्हणवेना आणि बाबाजींना सांगवेना. शेवटी बाबाजींना ते पेणच्या एसटी स्टँडवरच्या पोस्टरवरून कळलं. पोस्टरवर सगळ्या मंडळाची नावं होती, त्यांचंच नव्हतं. आमच्या चक्रीतून त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाची तरी बारी गेली. मला फार वाईट वाटलं.

बाबाजी रागावले नाहीत. देवळाच्या पायरीवर बसून बायकोला, बायजाबाईला, म्हणाले, "चल गो, आपून तिकीट काढून जाव. पोराचं गाणं समोरून कधी आयकलंच नाय."

"बोलावलं नाय, नि तुमी तिकीट काढून जाताव?" बायजाबाई करवादली. पण गेली हो बरोबर.

रोह्याचा मांडव गच्च भरला होता. दिव्यांच्या उष्णतेने माझी कणीक सारखी सुकायची आणि पुंडलिक तिला पाण्याचं बोट लावायचा. पहिला अभंग संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. देवळात कोण टाळ्या वाजवतो? पुंडलिक इतका दचकला की त्याचा ठेकाच चुकला. जनू डोळे मिटून गात होता. गाता गाता तो मांडव विसरला. अभंग संपला आणि सवयीने त्याने उजवीकडे हात केला.

"बाबाजी, आता तुमची बारी."

उजवीकडे हरेशचा कीबोर्डवाला बसला होता. तो बावचळला. माईकवरून सगळ्यांनी ऐकलं, काही लोक हसले. हरेश कडेला उभा राहून 'पुढचं घे, पुढचं घे' अशा खुणा करू लागला. जनूने डोळे उघडले. त्याला हसून वेळ मारून नेता आली असती. पण त्याने पुढचा अभंग घेतला नाही.

तेवढ्यात खुर्च्यांमधून बायजाबाईचा आवाज आला, "अवो, उठा! तुमची बारी हाय!"

"हितून कसा गाऊ?" बाबाजी पुटपुटले.

जनू माईकवर म्हणाला, "हितूनच गा, बाबाजी. आमी झेलताव."

बाबाजी उभे राहिले आणि गायले. आवाज कापत होता. वरच्या सुराला तो फुटलाच. पुंडलिकने हात हलका केला. जनूने ओळ झेलली, मंडळाने झेलली आणि मग तिकीट काढून बसलेल्या रोहेकरांनीही झेलली. तेवढ्यात बाबाजींनी दम घेतला आणि अभंग पुरा केला. त्या मांडवाचे मी आजही आभार मानतो.

हरेश मात्र तापला. "लोक ऐकायला आलेत, गायला नाय!"

जनू शांतपणे म्हणाला, "बाबाजी बाजूला बसतील तरच मी येईन."

हरेशने मग आम्हाला बोलावलं नाही. कॅसेटही राहून गेली. पण तो कार्यक्रम ऐकलेल्या वरसे गावच्या मंडळाने बोलावलं, मग आणखी काहींनी. बाबाजी दर वेळी जनूच्या उजव्या हाताला बसले.

पुढे गावातले टाळकरी कंपनीच्या शिफ्टमध्ये अडकले आणि मी बरेच दिवस खुंटीला लटकत राहिलो. डाव्या तोंडावरची कणीक कुणी पुसली नव्हती. उंदरांनी तिच्याबरोबर माझं कातडंही कुरतडलं. पुंडलिकने पेणहून नवं चढवून आणलं म्हणून आज बोलतोय.

बाबाजी अंथरुणाला खिळले तेव्हा चक्री त्यांच्या ओटीवर बसली. एकेक बारी होत होत त्यांच्यापर्यंत आली. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. कुणी बारी पुढे नेली नाही. पुंडलिक नुसता ठेका देत राहिला, एक अख्खा अभंग होईल इतका वेळ.  मग बाबाजींनी डोळे उघडले आणि जनूकडे हात केला.

"झाली माझी बारी. तू घे."

मित्रांनो, वाजवून झालं की आमची कणीक आठवणीने पुसा. आणि ज्याचा आवाज कापू लागलाय, त्याची बारी खाऊ नका. माझं कातडं फाटलं तर पेणला नवं मिळतं.