भिंत हलली म्हणून काय झालं!

मित्रांनो, जुनी व्हिडिओ कॅसेट म्हटली की ती उसासे टाकणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी नाही टाकणार. मी भडकलेय!

कारखान्यात माझ्या पोटात हॉलिवूडचा एक काळा-पांढरा सिनेमा भरला. रहस्याचा, विनोदी आणि अगदी स्वस्तातला. एकच जिना तीन बंगल्यांत दिसतो. दार आपटलं की भिंत हलते. पण त्यातला गुप्तहेर! स्वतःच्या सावलीला दचकतो, प्रेताची माफी मागतो आणि तरीही लटपटत तळघरात उतरतोच. जपानात, नागोया शहरातल्या एका दुकानातून लोक मला हौसेनं भाड्यानं न्यायचे. मग डीव्हीडी आल्या आणि मी खोक्यात पडले. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही.

शेवटी टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून कश्मिरा नावाच्या मुलीनं मला घरी नेलं, व्हिडिओ प्लेअरसकट. तिचं कुटुंब नुकतंच पुण्याहून आलेलं. तिच्या आईला, जयंतीला, जपानी भाषा येईना. दाराची बेल वाजली तरी ती दचकायची. त्या घाबरट गुप्तहेराला बघून ती जपानात पहिल्यांदा खदखदून हसली. "अगं, हा तर माझाच भाऊ!" दुसऱ्या दिवशी ती एकटी भाजी आणायला गेली.

आणि कश्मिराचे बाबा, नीलकंठ? इंजिनिअर! दर शनिवारी बरोबर त्या भिंतीपाशी मला थांबवायचे. "बघ, बघ, हलली! पुठ्ठ्याची आहे." पाहुणे आले की पुन्हा तेच. अहो, मला थांबवलं तरी प्लेअरचं हेड, म्हणजे चित्र वाचणारा भाग, फिरतच असतो, माझ्या फितीच्या त्याच जागेवर घासत!

परवा तिथलं चित्रच गेलं. नुसत्या पांढऱ्या रेघा. "फालतू सिनेमा, फालतू कॅसेट," म्हणत त्यांनी मला जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. सकाळी कचऱ्याची गाडी येणार होती.

जयंतीनं पिशवीची गाठ सोडून मला बाहेर काढलं. "अहो, ती जागा तुम्हीच झिजवलीत."

"मी फक्त चूक दाखवत होतो."

"दर शनिवारी? आम्हाला ती पहिल्याच वेळी दिसली होती. तरी बघत होतो ना?"

"बाबा, सॉरी म्हणा," कश्मिरा म्हणाली. "मला नाही, कॅसेटला!"

ते पुटपुटले खरे. मी अजून माफ केलेलं नाही.

आता रेघा आल्या की जयंती स्वतः "धाड्!" करते आणि भिंतीसारखी डुलते. मित्रांनो, स्वस्तातली आहे मी. हसा, खुशाल नावं ठेवा. पण रिमोटवरचं बोट उचला. खुनी अजून सापडायचाय!