रिकाम्या डब्याचं वजन

साहेब, एका बाईला तुम्ही चोर ठरवलंत, कारण तुम्ही एक वजाबाकी केली नाहीत. येत नव्हती म्हणा, की करायची नव्हती म्हणा. तुमचं नाव मी घेत नाही. हे वाचताना कोणाचे कान गरम होतील, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी एकोणतीस वर्षं टांगलेला होतो. एका म्हाताऱ्या लोहारानं मला घडवलं, तेव्हा माझं डावं पारडं गव्हाच्या दाण्याएवढं जड निघालं. दुसरा कोणी असता तर उजवीकडे तारेचा तुकडा बांधून मोकळा झाला असता. अशा तुकड्याला पासंग म्हणतात. म्हाताऱ्यानं तसं केलं नाही. दोन दिवस कानस घेऊन घासत बसला. "पासंगाचा काटा म्हणजे ऊठसूट शपथा घेणारा माणूस," तो म्हणायचा. "शपथ लागते तिथंच शंका घ्यावी."

माझं काम बोल्ट मोजण्याचं. हसू नका, तोलूनच मोजायचे. हातानं मोजत बसलं तर दिवस मावळेल. एक बोल्ट चाळीस ग्रॅमचा, म्हणजे किलोत पंचवीस. एका डब्यात दोनशे भरायचे, म्हणजे आठ किलो. पण बोल्ट असतात डब्यात, आणि डब्यालाही वजन असतं. म्हणून स्टोअर सांभाळणारी बाई एका पारड्यात भरायचा डबा ठेवायची आणि दुसऱ्यात आठ किलोच्या वजनांबरोबर तसलाच एक रिकामा डबा. डब्याला डबा फिटला, उरले ते बोल्ट. सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा. मीही म्हणतो.

मावशीची शाळा सातवीतच सुटली होती. तिची मुलगी आठवीत होती. शाळा सुटली की ती स्टोअरमध्ये येऊन पोत्यावर बसायची आणि अभ्यास करायची. एकदा ती घोकत होती, "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. अधिकचं उणे होतं."

"का गं बदलतं?" मावशीनं विचारलं.

"बाईंनी सांगितलंय."

"बाईंनी सांगितलं म्हणून बदलतं होय? उद्या बाई म्हणाल्या आईचे पाय चेपा, तर चेपशील?"

"ते पुस्तकात नाहीये."

दारात उभे असलेले फिटरकाका म्हणाले, "वकील कर हिला. फी तेवढी तू भर."

"तुम्ही आधी माझा पाना आणून द्या, मग बोला," मावशी म्हणाली आणि मुलीकडे वळली. "गणित वाच."

"तीन क्ष अधिक पाचशे बरोबर दोन हजार."

"क्ष म्हणजे कोण?"

"माहीत नसलेला आकडा."

मावशीनं खिळ्यांचे तीन सारखे पुडे माझ्या डाव्या पारड्यात ठेवले, शेजारी पाचशे ग्रॅमचं वजन. उजवीकडे किलोचं एक आणि पाचशेची दोन. माझी दांडी आडवी झाली. "आता डावीकडचं पाचशेचं उचल," ती म्हणाली. मुलीनं उचललं आणि उजवं पारडं धाडकन खाली गेलं. मुलीनं थोडा वेळ बघितलं. मग आईनं काही न सांगता उजवीकडचंही एक पाचशे काढलं. मी सरळ झालो.

"तीन पुडे दीड किलोचे. एक पुडा पाचशेचा," ती म्हणाली. मग हळूच, "आई, म्हणजे पलीकडे काहीच जात नाही."

"कुठं जाणार? दोन्हीकडून सारखंच उतरतं. तुम्ही वहीत एकीकडचं लिहायचा कंटाळा करता."

माझ्या आयुष्यातली हीच मोठी शाबासकी. माझ्यामुळे एका पोरीचं घोकणं थांबलं.

पुढे वरच्या ऑफिसनं पत्र्याचे डबे काढून प्लॅस्टिकचे आणले. पत्र्याचा डबा दीड किलोचा होता, नवा सातशे ग्रॅमचा. आमचं काही अडलं नाही. पलीकडचा रिकामा डबाही नवा घेतला, संपलं. पण ऑफिसच्या भिंतीवर तक्ता होता. 'भरलेला डबा साडेनऊ किलो.' खाली तपासणीच्या साहेबांची सही. तो कोणी बदलला नाही.

साहेब विजेचा नवा काटा घेऊन आले. साठ डबे तोलले. प्रत्येक डबा आठ किलो सातशे.

"आठशे ग्रॅम कमी," साहेब म्हणाले. "डब्यामागे वीस बोल्ट. एकूण बाराशे. कुठं गेले?"

"साहेब, डबे बदललेत. नवा आठशे ग्रॅमनं हलका आहे."

"तक्त्यात साडेनऊ आहे."

"तक्ता पत्र्याच्या डब्याचा आहे, साहेब."

"मला शिकवू नका."

मावशीनं एक भरलेला डबा माझ्यावर ठेवला. समोर नवा रिकामा डबा आणि आठ किलो. मी सरळ. मग तिनं दोन्ही बाजूंची अदलाबदल केली, कारण खोटा काटा तिथं उघडा पडतो. तरीही सरळ. मग तिनं डबा जमिनीवर ओतला, आणि फिटरकाकांनी सगळ्यांदेखत मोठ्यानं मोजले. दोनशे.

"हा डबा तुम्ही निवडलात," साहेब म्हणाले.

"मग आता तुम्ही निवडा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "या काट्यावर वजनमापं खात्याचा यंदाचा शिक्का नाही. याची साक्ष चालणार नाही."

शिक्का नव्हता, खरं आहे. मला शिक्क्याला पाठवा म्हणून मावशीनं दोनदा अर्ज केला होता. दोन्ही अर्ज साहेबांच्याच टेबलावर गेले होते.

उरलेले एकोणसाठ डबे पुरावा म्हणून कुलपात गेले. मावशीला घरी बसवलं. मला भंगारात टाकलं. माझं एक पारडं आता कोणाच्या तरी कोंबड्यांना पाणी पाजतं. फिटरकाका भंगाराशेजारी विडी ओढायला येतात, त्यांच्याकडून बाकीचं कळतं. चौकशी संपेपर्यंत मावशीला कामाचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय दुसरीकडे काम नाही. गल्लीत तिला 'बोल्टवाली' म्हणतात. मुलीनं वहीच्या पानावर लिहून आणलं: चाळीस क्ष अधिक सातशे बरोबर आठ हजार सातशे. दोन्हीकडून सातशे काढले, चाळीस क्ष बरोबर आठ हजार. दोन्हीकडे चाळीसनं भागलं, क्ष बरोबर दोनशे. पान गेटवर घेतलं गेलं. तीन महिने झाले, उत्तर नाही.

मित्रांनो, समीकरण पुस्तकात मरून पडलेलं नसतं. कोणी आकडा दाखवून माणसावर बोट रोखलं, तर त्या आकड्यात डब्याचं वजन धरलंय का, ते आधी विचारा. तुमचे मार्क गेले तरी विचारा. आणि खरं तोलणारी वस्तू जुनी झाली म्हणून फेकू नका. शिक्का मारून आणा, तेल घाला, पुन्हा टांगा.

आणि साहेब, तुम्ही. चूक कबूल करायला तक्त्याखालची तुमची सही आड येते, हे मला कळतं. मी दांडी आहे, दगड नाही. पण एकोणसाठ डबे तुमच्या खोलीत आहेत आणि किल्ली तुमच्या खिशात आहे. मावशीला समोर बसवा, हवा तो डबा उघडा, जमिनीवर ओता आणि मोठ्यानं मोजा.

किती भरले?