प्लेटची उजवी बाजू

आई नणंदेची, आणि पडली म्हटल्यावर धावले मी! यातच माझी अक्कल कळते.

प्रयोगशाळेत मला सात वर्षं झाली. नणंदेला तिथे मीच चिकटवलं, थेंब मोजून टाकायची पिपेट धरायलाही मीच शिकवलं. आता दोघींपैकी एकीलाच कायम करणार होते. सर म्हणाले, "एकेक प्लेट लावा. जिचे आकडे जास्त जुळतील, ती राहील." तिची प्लेट आदल्या दिवशी झाली होती. बरी होती, एवढंच.

मोजायचं होतं एक प्रथिन. ऑक्सिजनच्या माऱ्याने पेशी होरपळायला लागली, की जीव वाचवायला ती हे बनवते. प्लेटमध्ये शहाण्णव खळगे. प्रत्येक नमुना दोनदा घालायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोन्ही आकडे सारखे आले तर हात चांगला. शेवटी रंगाचं द्रावण टाकलं की खळगे निळे होत जातात, आणि बरोबर पंधरा मिनिटांनी आम्ल टाकून ते थांबवायचं. उशीर झाला की रंग चढतच राहतो.

नऊ मिनिटं झाली होती, तेवढ्यात नणंद फोन घेऊन धावत आली. "वहिनी, आई पडली! तुझ्याकडे स्कूटर आहे, तू पळ. आम्ल मी टाकते."

घरी सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या. "जरा तोल गेला गं, आता बरं आहे." मी पाय चेपून पाहिला, चहा करून दिला आणि परत आले.

रंग मोजणाऱ्या मशीनचा कागद पाहिला. डावीकडचे आकडे चोख, उजवीकडचा प्रत्येक आकडा दीडपट. म्हणजे अर्ध्या प्लेटला आम्ल वेळेवर पडलं आणि उरलेल्या अर्ध्या प्लेटला बाईसाहेबांनी ताटकळत ठेवलं!

"सर, आम्ल हिने टाकलंय," मी म्हणाले.

"वहिनीने सांगितलं तसंच टाकलं, सर." चेहरा असा, जणू गरीब गाय!

सर म्हणाले, "प्लेट अर्ध्यावर सोडून तू गेलीस ना? मग चूक तुझीच." आणि कायम झाली ती.

संध्याकाळी सासूबाईंना सरळच विचारलं, "आई, खरंच पडला होतात?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "तिनेच फोन करून सांगितलं होतं, 'वहिनी घरी येईल, तिला पडले म्हण.' तुला नवरा आहे कमावता. तिला कोण आहे?"

अकरा वर्षं या बाईला आई म्हणतेय मी. माझं डोकंच फिरलं, पण आवाज काही चढला नाही.

"आई," मी म्हणाले, "उद्या खरंच पडलात, तर मी धावायचं की नाही, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

त्यांनी टीव्ही बंद केला.