आईच्या झाडावरचा पाचवा नर

आमच्या गावात त्यांना ‘जावई’ म्हणतात. दर मंगळवारी विमान येतं आणि बागांवर लाखो फळमाश्या सोडून जातं. कारखान्यात जन्मलेल्या, क्ष-किरणांनी निर्बीज केलेल्या, गुलाबी भुकटीत घोळवलेल्या. त्यातल्या नरांनी जंगली माद्या गाठायच्या आणि त्यांची अंडी फुकट घालवायची, एवढंच काम. “खायचं, मिरवायचं आणि पोर काही द्यायचं नाही,” असं आमची आई म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे बघते. मला मूलबाळ नाही, आणि पगार मी या माश्या सोडणाऱ्या सरकारी खात्याचाच घेते. तिला याहून सोपा विनोद कुठे मिळणार?

झाडांना टांगलेले सापळ्याचे डबे दर आठवड्याला माझ्या टेबलावर येतात. मी जांभळ्या दिव्याखाली एकेक माशी बघते. गुलाबी चमकली तर आपली, नाही चमकली तर जंगली. कधी कधी अंगावरची भुकटी झडून जाते. मग डोकं फोडून बघायचं, कारण कोषातून बाहेर पडताना डोक्याच्या घडीत अडकलेली भुकटी कधीच जात नाही. एकोणीस वर्षं मी माश्यांची डोकी फोडते आहे.

त्या मार्चमध्ये पंधरवड्यात चार जंगली नर सापडले होते. पाचवा सापडला की पंचक्रोशीची नाकेबंदी, एक फळ बाहेर जायचं नाही. सगळं गाव श्वास रोखून होतं.

पाचवा आला तो आईच्या डाळिंबावरच्या डब्यातून. ते झाड माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी लावलं होतं. बाबा गेल्यापासून दरवर्षी, आमच्या ग्रीक रीतीप्रमाणे, त्यांच्या स्मरणाच्या दिवशी शिजवलेल्या गव्हावर आई त्याच झाडाचे दाणे पसरते आणि ते ताट चर्चमध्ये नेते. दुकानातलं डाळिंब आमच्या घरात कधी आलेलं नाही.

त्या नराच्या अंगावर गुलाबी काही दिसेना. आता डोकं फोडायचं. मी चिमटा उचलला, तेवढ्यात मागून आमचा साहेब ग्लेन म्हणाला, “कुणाकडचा डबा?”

“आमच्या आईकडचा.”

तो नुसता “अच्छा” म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. याला वाटेल, आईला वाचवायला पळवाट शोधते आहे. मी चिमटा खाली ठेवला आणि ‘जंगली’ असं लिहून मोकळी झाले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

नाकेबंदी झाली, आणि पाचवा कुणाच्या झाडावर सापडला ते गावभर झालं. गावातला बागायतदार थानासिस, त्याची द्राक्षं शीतगृहात सडली. रविवारी चर्चच्या दारातच त्याने आईला गाठलं. “काकू, तुमच्या त्या एका झाडापायी माझं वर्ष गेलं!” ऐंशी ओलांडलेली माझी आई, कुणाचं ऐकून न घेणारी, खाली मान घालून उभी राहिली. आत तिच्या बाकावर कुणी बसलं नाही.

माशीला थारा नको म्हणून ज्यांना हवं त्यांची झाडं खातं फुकट तोडून देतं. अर्ज घेऊन मीच गेले.

“तोडायलाच हवं असं काही नाही ना?” आईने विचारलं.

“नाही. पण लोकांची तोंडं बंद होतील.”

“तू नक्की बघितलंस ना, फोतिनी?”

“आई, हे माझं काम आहे.”

तिने सही केली. झाड पाडायला वीस मिनिटं लागली. ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा.

सहा आठवड्यांनी, नाकेबंदी उठल्यावर, त्या पाच नरांच्या जनुकांचा अहवाल आला. चार जंगली, पाचवा आमच्याच कारखान्याचा. मी कपाटातून नमुना काढला आणि डोकं फोडलं. दिव्याखाली आतला गुलाबी ठिपका लख्ख दिसला.

ग्लेन म्हणाला, “आता कशाला उकरून काढतेस? खात्याची शोभा होईल. आणि तुझीही.”

“शोभा गेली खड्ड्यात!” मी ओरडले. पण चार दिवस गप्पही मीच राहिले. मी बोलले असते तर आईच्या कपाळावरचा डाग पुसला गेला असता, हे मला कळत होतं.

पाचव्या दिवशी बाबांचं स्मरण होतं. सकाळी गेले तर आई गहू उकडत होती. टेबलावर दुकानातली दोन डाळिंबं, लेबल लावलेली. ती बघून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. चिमटा, ग्लेन, ‘अच्छा’, सगळं.

आईने गॅस बारीक केला. मला वाटलं, आता झोडपेल. झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

“दुसऱ्या कुणाचं झाड असतं,” ती म्हणाली, “तर डोकं फोडून बघितलं असतंस.”

बघितलं असतंच. थानासिसचं असतं तर नक्की बघितलं असतं.

तिने डाळिंबं माझ्यापुढे सरकवली. “सोल. आणि आज ताट तू धर. डाळिंब कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर दुकानातलं का आणावं लागलं ते तूच सांग. सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी थानासिसच्या शेजारी बसणार आहे.”

मी नखाने लेबल काढायला लागले. ते काही केल्या निघेना.