हलता पडदा

“आज तू म्होरं बस,” दयाराम म्हणाला.

मैना पडद्यामागे बांबू धरून उभी होती. तिला वाटले, दारात गिऱ्हाईक आले असेल आणि तो त्याच्याशी बोलतो आहे.

“कोन आलाय?”

“कोन न्हाय. तुझाच फोटो काढायचाय. शोकेसमधी लावाया. हिरवं लुगडं नेस, नथ घाल.”

“माझा फोटो शोकेसमधी? आहेत ती गिऱ्हाईकं पन पळतील.”

दयाराम हसला नाही. तो काळ्या कापडाने लेन्स पुसत राहिला. पुसून झालेली लेन्स त्याने पुन्हा पुसली.

उरणच्या बाजारपेठेत त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक लांब खोली. छपराला उत्तरेच्या बाजूने काचेची कौले, मध्ये गिऱ्हाइकाचे स्टूल आणि स्टुलाच्या हातभर मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर महाल, खांब आणि तळ्यात दोन हंस होते. मुंबईच्या एका पेंटरने तो रंगवून दिला होता. खाऱ्या, दमट हवेने दोन पावसाळ्यांत महालाला बुरशी चढली आणि तळे मधोमध फाटले. मैनाने ठिगळे लावली, पण ती फोटोत स्पष्ट दिसत. नवा पडदा घेण्याची ऐपत नव्हती.

मग एकदा एका नवरीचा फोटो काढत असताना खाडीकडून वारा आला आणि पडदा हलत राहिला. दयारामने फोटोची काच फुकट गेली असे धरले. धुऊन पाहिली, तर नवरी स्वच्छ आली होती आणि तिच्या मागे नुसते मऊ धुके होते. त्यात बुरशी नव्हती, ठिगळ नव्हते. कारण साधे होते. त्याच्या जुन्या लेन्सला खटका नव्हता. झाकण काढायचे, मनात आकडे म्हणायचे, झाकण लावायचे. तेवढ्या वेळात जे स्थिर राही ते काचेवर उमटे आणि जे हले ते पसरून जाई.

तेव्हापासून मैना पडद्यामागे उभी राहू लागली. पडद्याच्या खालच्या कडेला शिवलेला बांबू धरून ती तो सावकाश इकडून तिकडे नेई. जोरात नेला तर वाऱ्याने गिऱ्हाइकाचे केस उडत. मध्येच थांबली तर घडी उमटे. पनवेलपासून लोक ‘धुक्यातला फोटो’ काढायला येत. पुढे बसलेला माणूस तिला दिसत नसे, त्याचा श्वास मात्र ऐकू येई. या बारा वर्षांत तिचा स्वतःचा एकही फोटो निघाला नव्हता. ती पुढे बसली तर पडदा कोण हलवणार?

आज दयारामने ठमाबाईला बोलावले होते. ती शेजारी खानावळ चालवी. हात पदराला पुसत ती आली.

“सावकाश हलव गो मावशी,” मैना म्हणाली. “सुपानं पाखडल्यासारखं नको.”

“मना शिकवतंस? चार पोरं झोळीत झोपवलीत मी. नथीत काय दिसतंस गो! दयाराम, बायकोला दिष्ट लागंल बघ.”

मैना अजून निऱ्या सारख्या करत होती, म्हणून दयारामने ठमाबाईलाच थोडा वेळ तिच्या जागी बसवले, काळ्या कापडात डोके घालून कॅमेरा लावला आणि काच भरायला आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला. मैनाने सहज कापड उचलून आत पाहिले.

दुधी काचेवर ठमाबाई उलटी दिसत होती. पाय वर, डोके खाली. तिच्या डोक्यापासून काचेच्या कडेपर्यंत बरीच जागा मोकळी होती. मैनाने त्या जागेवर बोटे आडवी ठेवून पाहिली. चार बोटे बसली. एरवी दयाराम एक बोट सोडी.

गावाकडची माणसे थकलेल्या आईबापांना बैलगाडीत घालून फोटोला आणत, तेव्हा तो अशी जागा सोडे. पुढे फोटो भिंतीवर लागला आणि वरून हार आला, की तो कपाळावर उतरू नये म्हणून. हे त्याने कधी गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते. मैनाला माहीत होते.

पंधरा दिवसांपूर्वी तो तिला पोटाच्या दुखण्यासाठी मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला होता. डॉक्टरांनी त्याला आत बोलावले आणि तिला बाहेर बाकावर बसवले. परतताना लाँचमध्ये तो म्हणाला होता, “रगत कमी हाय. टॉनिक दिलंय.” मग मोरा बंदर येईपर्यंत तो फोटोचा कागद किती महागला याबद्दल बोलत राहिला. हा मुळात कमी बोलणारा माणूस.

“काय बघतंस एवढं?” ठमाबाईने विचारले. “भूत दिसलं?”

मैनाने कापड सोडले. “तू उलटी दिसतंस मावशी.”

“सुलटी तरी कुठं बरी दिसतंय!”

दयाराम काच घेऊन आला. ठमाबाई पडद्यामागे गेली, मैना स्टुलावर बसली.

“हां,” तो म्हणाला आणि त्याने झाकण काढले.

पडद्याचा वारा मानेला लागला. मैनाने सावकाश मान वळवली आणि कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले. आकडे म्हणणारे त्याचे ओठ थांबले. त्याने झाकण लावले.

“हललीस.”

“व्हय.”

“एवढी वर्सं बघतंस, आनि आज…”

“मुद्दाम हलले.”

“झाला का रं?” ठमाबाई मागून ओरडली. “माझं कालवन करपंल तिकडं!”

“तू जा मावशी,” मैना म्हणाली. “झाला.”

ठमाबाईची पावले ओटा उतरून गेली. रस्त्याने मिठाच्या गोणी भरलेली बैलगाडी चालली होती. तिचा खडखडाट दूर गेला.

“शोकेसमधल्या फोटूला हार घालतात?” मैनाने विचारले.

दयारामने काचेची चौकट कॅमेऱ्यातून काढली. कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखी हातातच धरली.

“डोईवर चार बोटं सोडलीत तुमी. डाक्तर काय बोलला?”

“बोलला ना, रगत…”

“अवो.”

तो खाली बघून म्हणाला, “पोटात गाठ हाय. पसरलीय. कापून उपेग न्हाय बोलला.”

“आनि?”

“शिमग्यापतूर. पन त्याचं काय खरं हाय? डाक्तर काय देव हाय?”

मैनाने नथ थोडी सैल केली. नाक दुखत होते.

“मना टॉनिक पाजत व्हतात. मी चमचा चाटत व्हते रोज. बरी व्हईन म्हनून.”

“तू घाबरशील म्हनून न्हाय बोललो.”

“घाबरले असते. दोघं घाबरलो असतो.”

दयारामने हातातली चौकट भिंतीला टेकवून ठेवली. मग तो म्हणाला, “अख्ख्या उरनचं फोटू काढलं मी. घरात तुझा एक बी न्हाय, मैने.”

मैनाने पदर सारखा केला आणि ती स्टुलावर नीट बसली. “काढा मग.”

तो कॅमेऱ्यामागे गेला. त्याने तिपाईचा स्क्रू सैल केला आणि डोक्यावरची जागा कमी करायला कॅमेरा खाली झुकवू लागला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “न्हायतर हार कपाळावर येल.”

त्याने कॅमेरा पुन्हा होता तसा केला, नवी काच भरून आणली आणि पडद्याकडे पाहिले. “ठमाबाईला हाक मारतो.”

“नको. तुमी जा मागं.”

आभाळ भरले होते. उजेड कमी, म्हणून झाकण आज बराच वेळ उघडे ठेवावे लागणार होते. तेवढ्यात मागे जाऊन परत येता आले असते. दयारामने एकदा तिच्याकडे पाहिले, झाकण काढले आणि भिंतीच्या कडेने तो झपझप पडद्यामागे गेला.

पडदा हलू लागला. त्याचा हात नवखा होता, तरी लय बरी होती. समोर कॅमेऱ्याजवळ कोणी नव्हते. मैना त्या काळ्या, उघड्या भोकाकडे बघत राहिली.

मग पडदा थांबला. मागून आवाज आला. आधी नाक ओढल्याचा, नंतर तोंडावर हात दाबून धरल्यावर येतो तसा. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता.

वळून बघता येत नव्हते. बोलावे तर ओठ हलले असते. पडदा मात्र तसाच राहून चालणार नव्हते. फोटो कमरेपर्यंतचाच होता. तिचा डावा हात स्टुलाच्या कडेला, काचेच्या हद्दीबाहेर होता. तो तिने मागे नेला, चाचपडत पडद्याची खालची कड धरली आणि खांदा न हलवता, नुसत्या मनगटाने, ती पडदा सावकाश इकडून तिकडे नेऊ लागली.

डोळे तिने लेन्सवरच ठेवले.