मागची सीट

“चाचा, आता तुमीच सांगा. यातला कोणता घेऊ?”

स्वानंदने छापून आणलेले दोन कागद बॉनेटवर पसरले आणि उडू नयेत म्हणून त्यांवर पाना ठेवला. दोन्ही कागदांवर एकेका डबीचं चित्र होतं. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा कॉम्प्युटर म्हणजे ही डबी.

स्वानंद वणीतल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून. वडिलांच्या जुन्या छोट्या गाडीत नागपूरच्या भंगारातलं मोठं इंजिन बसवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं, आणि इकबाल मिस्त्रीने दोन वर्षं त्या खुळाला हातभार लावला. सगळं जमलं होतं. फक्त इंजिनाचा मूळ कॉम्प्युटर आधीच जळालेला निघाला.

“हा महागडा,” इकबालने एका कागदावर बोट ठेवलं. “याले सेन्सर हाय. जोर पडल्यावर इंजिन आतून टिकटिक करू लागलं का हा सोताच ऐकते, अन् ठिणगी मागं घेते, म्हंजे जराशी उशिरा टाकते.”

“अन् हा स्वस्तवाला?”

“याले ऐकू येत नाही. मिस्त्रीनं ऐकून सेटिंग बसवा लागते. टिकटिक चुकली त पिस्टनले भोक.”

स्वानंद मोकळं हसला. “मंग तुमी इचार कायले करून राह्यले? तुमच्यासारखे कान आख्ख्या वणीत कोनाचे हायेत? स्वस्तवालाच घेतो. औंदा कापसाले भाव नाही, दोन महिन्यांतच जिनिंग थंडी पडली. मी अर्ध्या पगारावर हावो. हे इंजिन गेलं त दुसरं नाही येत, चाचा.”

इकबालने पाना उचलून कागदांची घडी केली. “उद्या सांगतो,” एवढंच तो म्हणाला.

वणीत त्याच्या कानांपेक्षा त्याच्या बोटाचीच कीर्ती जास्त. गाडी तपासताना तो ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून बसायचा. चढावर पहिली बारीक टिकटिक झाली की त्याचं बोट वर जायचं आणि ड्रायव्हरने पाय काढून घ्यायचा. बोट वर गेल्यावर कुणी वाद घालत नसे. पण तीस वर्षं कोळशाच्या ट्रकांच्या इंजिनांपाशी उभं राहून काढली होती, आणि कापसाच्या मुलखात राहून या गड्याने कधी कानात बोळा घातला नव्हता. ट्रकची घरघर अजून ऐकू यायची. फोन, कुकर, चिमण्या मात्र वर्षभरात एकेक करून गप्प झाल्या होत्या.

स्वानंद गेल्यावर त्याने शेडमधली जीप सुरू केली, टकटक व्हावी म्हणून मुद्दाम व्हॉल्व्हचा एक टॅपेट ढिला केला आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. नुसती घरघर. त्याने टॅपेट आणखी ढिला केला. तरी घरघरच.

त्याची बायको गौहर डबा घेऊन दारात आली. “काय टकटक लावली जी? पार रोडवर ऐकू येऊन राह्यली!”

त्याने जीप बंद केली. महागडा घे म्हणावं, तर पैशाअभावी स्वानंदची गाडी ताडपत्रीखालीच सडेल. गप्प राहून अंदाजाने बोट वर करावं, तर कुणाला कळणार होतं? इंजिनाला कळलं असतं. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता ओलांडून धर्मपालच्या गॅरेजात गेला. धर्मपाल त्याचाच चेला. चार वर्षांपूर्वी उस्तादाची गिऱ्हाइकं घेऊन समोरच दुकान थाटल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. तो दचकून उभा राहिला.

“उस्ताद, तुमी?”

“स्वानंदची गाडी आयकाची हाय. तू येशील?”

“मी? तुमी असताना?”

इकबालने खिशातून फडकं काढलं, स्वच्छ हात पुन्हा पुसले. “मले आता टिकटिक आयकू येत नाही.”

धर्मपाल खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, “बसा त खरं. चहा सांगतो.”

त्याच दुपारी इकबालने स्वानंदलाही खरं ते सांगितलं आणि स्वस्तातल्या डबीवर बोट ठेवलं.

डबी आली. रस्त्यावर ट्रकांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, सकाळीच, तिघं चंद्रपूर रोडला निघाले. धर्मपाल मागचं दार उघडू लागला.

“समोर बस,” इकबाल म्हणाला. “आयकणारा समोर बसते.”

पुलाच्या चढाला स्वानंदने पाय दाबला. धर्मपालने डोळे मिटले, अगदी शिकवल्यासारखे. त्याचं बोट वर गेलं. मागच्या सीटवर इकबालचंही गेलं, त्याचं पाहून, क्षणभर उशिराने. स्वानंदने गाडी थांबवून लॅपटॉपवर ठिणगी थोडी मागे घेतली. पुन्हा चढ, पुन्हा बोट. तिसऱ्यांदाही तसंच.

चौथ्या फेरीला गाडी सुसाट पूल चढून गेली आणि धर्मपालचा हात मांडीवरून हलला नाही.

“बसली सेटिंग!” स्वानंद ओरडला. एवढं इकबालला ऐकू आलं. तो मनापासून हसला, आणि आपलं बोट त्याने मुठीत मिटून घेतलं.